कन्साइनमेंटवर ठेवलेले अकरा जोड

जुलै २०२४ मध्ये, भर पावसात, स्नीकरचे अकरा खोके दोन मोठ्या पिशव्यांत भरून आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून मी ठाण्याहून दादरमार्गे पश्चिम उपनगरातील एका पुनर्विक्री दुकानात नेले आणि तिथे कन्साइनमेंटवर ठेवले. त्यांतल्या शेवटच्या विकल्या गेलेल्या जोडाचे पैसे मे २०२५ मध्ये माझ्या खात्यात जमा झाले. मधल्या दहा महिन्यांत या दुकानाने जी सेवा दिली तिचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव मी देत नाही. माझा त्यांच्याशी व्यवहार अजून चालू आहे आणि ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या मी इतरही दोन दुकानांत पाहिल्या आहेत, त्यामुळे एकट्यालाच बोल लावणे मला योग्य वाटत नाही. नोकरी सांभाळून स्नीकरची खरेदी-विक्री करणाऱ्याने अशा दुकानात काय पाहावे, एवढे वाचकाला यातून कळले तरी हे लिहिण्याचा हेतू साधेल.

कन्साइनमेंट म्हणजे माल आपला, जागा आणि गिऱ्हाईक दुकानाचे. जोड विकला जाईपर्यंत मालकी आपलीच राहते, विकला गेला की दुकान आपले कमिशन कापून उरलेली रक्कम देते आणि विकला गेला नाही तर आपण तो परत घेऊन येतो. स्नीकरच्या व्यापारात ही पद्धत न्यूयॉर्कच्या ‘फ्लाइट क्लब’ या २००५ साली सुरू झालेल्या दुकानामुळे रूढ झाली. आपल्याकडे वापरलेले बूट पुन्हा विकणे मुळीच नवे नाही. कामाठीपुऱ्यातल्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे भरणारा बुटांचा बाजार मुंबईकरांना ठाऊक आहे. नवे आहे ते इतकेच की, पायात न घातलेला बूट छापील किमतीपेक्षा चढ्या भावाने विकला जाईल या अपेक्षेने माणसे तो विकत घेऊन खोक्यात जपून ठेवू लागली.

मीही त्यांतलाच एक. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करतो. २०२१ मध्ये नायकीचा ‘डंक लो’ पांढऱ्या-काळ्या रंगात आला, ज्याला सगळे ‘पांडा’ म्हणतात, आणि त्याचा एक जोड मला साध्या दुकानात छापील किमतीला मिळाला. आपल्याकडे ती किंमत ८,२९५ रुपये होती. मी तो माझ्या भाच्यासाठी घेतला होता, पण माप चुकले आणि बदलून देण्यासाठी दुकानात दुसरा शिल्लक नव्हता. समाजमाध्यमावर विक्रीला लावल्यावर तो दोन दिवसांत १७,००० रुपयांना गेला. इतक्या सहज मिळालेला नफा माणसाला पुढची कित्येक वर्षे चुकीचे शिकवत राहतो, हे मला तेव्हा समजले नाही. पुढच्या दीड वर्षात मी आणखी सात पांडा घेतले. चार बऱ्या भावाने विकले आणि तीन घरात राहिले. दरम्यान कंपनीने हाच बूट पुन्हा पुन्हा बाजारात आणला. लोकलच्या एका डब्यात तीन-चार जणांच्या पायांत तो दिसू लागला आणि २०२३ उजाडेपर्यंत छापील किमतीइतका भाव येणेही कठीण झाले. कन्साइनमेंटला नेलेल्या अकरा जोडांत हे तीन पांडा होते. बाकीच्यांत नायकीच्याच एअर जॉर्डन १ हायचे दोन, एअर जॉर्डन ४चे दोन, आदिदासने रॅपर कान्ये वेस्टसोबत काढलेल्या यीझी ३५०चे दोन आणि आदिदास सांबाचे दोन जोड होते.

या दुकानाची सर्वांत चांगली बाजू म्हणजे माल स्वीकारतानाची तपासणी. मी स्वतः याच कामावर पोट भरणारा माणूस असल्याने त्या टेबलाशी उभा राहून सगळे बारकाईने पाहत होतो. तपासणारा मुलगा पंचविशीच्या आतला असेल. “काका, घाई असेल तर उद्या या, मी एका जोडाला वीस मिनिटं घेतो,” असे त्याने सुरुवातीलाच सांगितले आणि खरोखरच तेवढी घेतली. आधी खोक्यावरच्या लेबलावरील स्टाइल कोड बुटाच्या जिभेमागे शिवलेल्या मापाच्या पट्टीवरील कोडशी ताडून पाहिला. पांडाच्या पुरुषांच्या मापाचा कोड डीडी१३९१-१०० हा त्याला न पाहताच पाठ होता. मग दोन्ही बुटांच्या पट्ट्यांवरचे अक्षरवळण, उत्पादनाच्या तारखा, टाचेमागचा वळसा आणि पुढच्या टोकावरच्या छिद्रांची ओळ तपासली. आतली गादी उचलून तिच्याखालची शिवण पाहिली, अतिनील दिव्याखाली डिंकाचे आणि खडूचे डाग दिसतात का ते पाहिले आणि शेवटी बूट नाकाशी नेऊन डिंकाचा वास घेतला. जॉर्डन १च्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नोव्हेंबर २०२२ मधल्या जोडासोबत जुन्या काळच्या हस्तलिखित पावतीची प्रतिकृती येते. ती खोक्यात आहे ना हेही त्याने विचारले, कारण तिच्याशिवाय संग्राहक पूर्ण किंमत देत नाहीत. प्रत्येक जोडाची खरेदीची बिले मागितली, छायाचित्रे काढली आणि प्रत्येकावर क्रमांकाचे सील लावून त्याची नोंद असलेला कागद माझ्या हातात दिला.

दहा जोड स्वीकारले गेले आणि एक परत आला. तो जॉर्डन ४चा दुसरा जोड होता आणि अकरांपैकी तेवढाच मी दुकानातून न घेता ओळखीतल्या एका माणसाकडून १८,००० रुपयांना घेतलेला होता. डाव्या आणि उजव्या बुटाच्या पट्ट्यांवरची छपाई एकाच जाडीची नव्हती आणि टाचेवरच्या उडत्या खेळाडूच्या आकृतीची बोटे जिथे सुटी दिसायला हवीत तिथे एकमेकांत मिसळलेली होती. मुलाने तो माझ्यासमोर दुसऱ्या अस्सल जोडाशेजारी ठेवला आणि तोंडाने काहीच न बोलता बोट फक्त त्या दोन जागांवर ठेवले. चीनमधल्या फूच्येन प्रांतातील पुतियान शहर अशा नकलांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथला माल आता इतका सफाईदार असतो की, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या ‘फर्स्ट कॉपी’शी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. ज्याच्याकडून घेतला त्याने स्वतःही फसून तो घेतला होता असे त्याचे म्हणणे आहे; मला पैसे परत मिळाले नाहीत. १८,००० रुपये गेल्याचे दुःख आहेच, परंतु हा बूट त्या दिवशी स्वीकारला गेला असता आणि एखाद्या विद्यार्थ्याने साठवलेल्या पैशांतून तो विकत घेतला असता, तर ते ओझे मला अधिक वाटले असते. म्हणून या तपासणीबद्दल मी दुकानाचा मनापासून आभारी आहे.

तपासणीचे हे काम किती अवघड आहे याचा अंदाज मोठ्या कंपनीच्या उदाहरणावरून येतो. डेट्रॉइटची ‘स्टॉकएक्स’ ही कंपनी २०१६ पासून शेअर बाजारासारखी बोली लावून स्नीकर विकते आणि प्रत्येक जोड आपल्या केंद्रात तपासून मगच पुढे पाठवते. तरीही नायकीने तिच्यावर केलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ३७ बनावट जोडांच्या विक्रीबद्दल तिला जबाबदार धरले. त्याआधीच, २०२२ च्या अखेरीस, या कंपनीने आपल्या टॅगवरचा ‘अस्सल असल्याचे प्रमाणित’ या अर्थाचा शब्द काढून ‘पडताळलेले’ या अर्थाचा शब्द घातला होता. मी ज्या दुकानाबद्दल लिहीत आहे ते अजूनही फलकावर ‘शंभर टक्के अस्सल’ असे लिहिते. त्यांची तपासणी उत्तम असूनही हे वाक्य त्यांनी बदलावे असे मला वाटते. मात्र बनावट निघाल्यास गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे परत देण्याचे लेखी आश्वासन ते बिलावरच छापतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी.

दुसरी चांगली बाजू साठवणीची, आणि समुद्राकाठच्या शहरात तिचे मोल फार आहे. स्नीकर खोक्यात ठेवला की तो जसाच्या तसा राहतो, ही समजूत चुकीची आहे. जॉर्डन ३, ४, ५ आणि ६ यांसारख्या बुटांच्या मधल्या तळव्यात पॉलियुरेथेन असते. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते आणि काही वर्षांनी, बूट एकदाही पायात न घालता, तळव्याचा भुगा होतो. डंक किंवा जॉर्डन १ यांच्या रबरी तळव्याला तो धोका जवळपास नाही. त्यांना पावसाळ्यात बुरशी आणि उन्हात पिवळेपणा यांचे भय असते. ठाण्यातल्या आमच्या घरी पलंगाखाली ठेवलेल्या खोक्यांवर श्रावणात पांढरी बुरशी धरलेली मी दोनदा पुसली आहे. घरच्यांनी ती अडचण किती सोसली हे वेगळे सांगायला नको. या दुकानाच्या मागच्या खोलीत वातानुकूलन रात्रंदिवस चालू असते, आर्द्रता मोजणारे यंत्र भिंतीवर लावलेले आहे, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि त्या बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली असते. चार महिन्यांनी मी न सांगता गेलो आणि माझा जॉर्डन ४ पाहायला मागितला, तेव्हा खोका कोरडा होता आणि तारीख त्याच महिन्याची होती.

एकच जोड मात्र खराब झाला. सांबाच्या दोन जोडांपैकी एक दर्शनी कपाटात, रस्त्याच्या बाजूला मांडला होता आणि तिथे दुपारी ऊन येते. तीन महिन्यांत त्याच्या पांढऱ्या चामड्यावर डाव्या बाजूला फिकट पिवळी झाक आली. करारात ‘मांडणीदरम्यान होणाऱ्या नैसर्गिक बदलांना दुकान जबाबदार नाही’ असे वाक्य आहे आणि मी सही करताना ते वाचलेही होते. पण कपाट कुठे ठेवायचे हे दुकान ठरवते, त्यामुळे उन्हाने झालेला बदल नैसर्गिक कसा म्हणावा, हा माझा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

आता दराबद्दल. माल ठेवताना दुकान आपला सल्ला देते आणि अंतिम किंमत आपण ठरवतो. सल्ला प्रामाणिक होता. पांडासाठी मी ११,००० म्हणालो, तेव्हा मुलाने संगणकावर गेल्या तीन महिन्यांत त्यांच्याकडेच विकल्या गेलेल्या पांडांचे दर काढून दाखवले आणि “काका, साडेसात मिळाले तरी घ्या,” असे स्पष्ट सांगितले. मापाबद्दलही त्याने जे सांगितले ते पुढे खरे ठरले: यूके ८ आणि ९ या मापांना गिऱ्हाईक लगेच मिळते, ६ किंवा १२ चा जोड महिनोन्‌महिने पडून राहतो. मी खरेदी करताना मापाचा विचारच केला नव्हता. दुकानात जे मिळाले ते उचलले होते. माझ्या न विकल्यामुळे परत आलेल्या दोन्ही जोडांची मापे, एका पांडाचे आणि त्या पिवळसर सांबाचे, यूके ६ होती, तेव्हा सांबाचा सगळा दोष उन्हावर ढकलणेही बरोबर होणार नाही.

माझी पहिली गंभीर तक्रार इथेच आहे. करारानुसार साठ दिवसांत जोड विकला गेला नाही तर दुकान किंमत दहा टक्क्यांपर्यंत कमी करू शकते, पण त्याआधी मालकाला कळवायचे असते. दुसऱ्या पांडाची किंमत मी ७,८०० ठेवली होती. तो ७,००० ला विकला गेल्याचे मला विक्रीनंतर समजले. दहा टक्क्यांनी ती ७,०२० पर्यंतच उतरू शकत होती. वीस रुपयांसाठी मी भांडणार नव्हतो. पण न विचारता भाव उतरवणे आणि तो मर्यादेच्याही खाली नेणे या दोन्ही गोष्टी करारात बसत नाहीत आणि विचारल्यावर “गिऱ्हाईक समोर उभं होतं” एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याने एक दूरध्वनी करणे हा शिष्टाचार नाही, ते त्याचे कामच आहे.

कमिशन पंधरा टक्के आहे, त्यावर अठरा टक्के जीएसटी आहे आणि शिवाय प्रत्येक जोडामागे सफाई व पॅकिंगचे २०० रुपये घेतले जातात. पंधरा टक्के ऐकताना फारसे वाटत नाहीत. ७,५०० ला विकलेल्या पहिल्या पांडाचा हिशेब मांडला तर कमिशनचे १,१२५, त्यावरील कराचे सुमारे २०३ आणि पॅकिंगचे २०० वजा जाऊन माझ्या हातात ५,९७२ रुपये पडले. म्हणजे ८,२९५ ला घेतलेल्या बुटात २,३२३ रुपयांचे नुकसान झाले, आणि त्याआधी तो दोन वर्षे पलंगाखाली पडून होता ते निराळेच. या दरांना मी अवाजवी म्हणणार नाही. तपासणी, वातानुकूलित खोली, उपनगरातल्या जागेचे भाडे आणि अस्सलपणाची हमी यांचा खर्च त्यातूनच निघतो. परंतु छापील किमतीपेक्षा किमान पंचवीस टक्के चढा भाव मिळण्याची खात्री नसेल तर असा जोड कन्साइनमेंटवर ठेवणे म्हणजे ठरवून तोटा करून घेणे होय.

पैसे मिळण्याबाबतचा अनुभव सर्वांत वाईट. विक्रीनंतर सात कामकाजी दिवसांत रक्कम जमा होईल असे लेखी दिलेले आहे. पहिल्या दोन जोडांचे पैसे आठव्या दिवशी आले आणि मी समाधानी होतो. दिवाळीच्या आठवड्यात मात्र चार जोड एकदम विकले गेले. त्यांत लॉस्ट अँड फाउंड ३८,००० ला आणि यीझीचे दोन्ही जोड होते. या चारांची रक्कम एक्केचाळीस दिवसांनी आली. मधल्या काळात मी सहा वेळा दूरध्वनी केला आणि दोनदा प्रत्यक्ष गेलो. कोणी उद्धटपणे बोलले नाही, पण प्रत्येक वेळी कागद ‘अकाउंट्सला पाठवला आहे’ असे सांगण्यात आले, आणि अकाउंट्सचा माणूस कुठे बसतो हे कोणालाही सांगता आले नाही. दुकानाची भिंत त्याच आठवड्यात नव्या मालाने भरलेली पाहिल्यावर, माझे पैसे कशात गुंतले होते याचा अंदाज मला आला. तो चुकीचाही असू शकेल. ज्याचा हा मुख्य धंदा आहे त्याच्याकडे निदान फिरते भांडवल असते. पगारातून वाचवलेल्या पैशांवर जोडधंदा करणाऱ्याला एक्केचाळीस दिवस म्हणजे पुढच्या दोन खरेद्या हुकणे असते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्या मालाचे जे झाले त्यातला मोठा भाग बाजाराचा आहे, दुकानाचा नाही. यीझीचेच पाहा. आदिदासने कान्ये वेस्टशी संबंध २५ ऑक्टोबर २०२२ रोजी तोडले, तेव्हा आता नवा यीझी येणारच नाही, म्हणून असलेल्यांचा भाव वाढत जाणार, असे अनेकांनी गृहीत धरले आणि मीही धरले. प्रत्यक्षात कंपनीकडे प्रचंड माल पडून होता आणि २०२३ च्या मे अखेरपासून तो टप्प्याटप्प्याने विकला गेला. टंचाई होण्याऐवजी पुरवठाच वाढला. सांबाची गोष्ट आणखी वेगळी. २०२३-२४ मध्ये तो इतका लोकप्रिय झाला की, एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी तो घातल्यावर उठलेल्या टीकेनंतर सांबाप्रेमींची जाहीर माफी मागितली होती. परंतु तो हवा तेव्हा, हव्या त्या मापात साध्या दुकानात मिळत होता. लोकप्रियता आणि टंचाई या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पुनर्विक्रेत्याचे पोट फक्त दुसरीवर भरते. मला हे सांबा घेण्याआधी कळायला हवे होते.

नायकीचे धोरणही याच काळात बदलले. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलियट हिल कंपनीचे प्रमुख झाले आणि एअर फोर्स १, डंक व जॉर्डन १ या नेहमीच्या बुटांचा पुरवठा आवरता घेत असल्याचे कंपनीने सांगितले. दुकानातल्या काहींना यात पांडाचे पुनरुज्जीवन दिसते. मला तशी आशा नाही. लाखो लोकांच्या कपाटांत आधीच असलेला बूट पुन्हा दुर्मीळ व्हायला बराच काळ जावा लागेल.

आपल्याकडे आणखी एक बदल घडला आणि त्याचा परिणाम दुकानाच्या भिंतीवर स्पष्ट दिसला. पादत्राणांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाची अंमलबजावणी १ ऑगस्ट २०२४ पासून सुरू झाली आणि भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राशिवाय व्यापारासाठी बूट आयात करणे छोट्या दुकानदाराला जवळपास अशक्य झाले. आयात शुल्क तर २०२० च्या अर्थसंकल्पातच पंचवीसवरून पस्तीस टक्के झालेले होते. मी माल ठेवला तेव्हा परदेशातून आणलेल्या जोडांनी भरलेली एक पूर्ण भिंत नाताळपर्यंत अर्धी रिकामी झाली आणि तिथे आमच्यासारख्यांनी भारतातल्या दुकानांतून बिलासह घेतलेला माल येऊ लागला. बिल असलेल्या जोडाला दुकान आता आधी जागा देते. प्रवासी सामानातून कोणी आणून दिलेला माल हे दुकान स्वीकारत नाही, कारण प्रवाशाला मिळणारी शुल्कसवलत वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी आहे, विक्रीच्या मालासाठी नाही. काही जण या नियमावरून दुकानाशी वाद घालताना मी पाहिले. माझ्या मते दुकानाचेच बरोबर आहे.

आणखी एका बाबतीत हे दुकान शहाणपणाने वागते: ते गिऱ्हाइकाकडून येऊ घातलेल्या बुटासाठी आगाऊ पैसे घेत नाही. अमेरिकेत ओरेगनमधल्या ‘झादेह किक्स’ने जॉर्डन ११ ‘कूल ग्रे’साठी सहा लाखांहून अधिक जोडांची आगाऊ मागणी पैसे घेऊन नोंदवली आणि त्यांना मिळवता आले सहा हजारांच्या थोडे वर जोड, २०२२ मध्ये तो सगळा डोलारा कोसळला. त्यात पैसे अडकलेल्यांत माझ्यासारखे जोडधंदेवाले पुष्कळ होते, कारण घाऊक खरेदी करून पुढे विकायचे हाच त्यांचा बेत होता. आपल्याकडे समाजमाध्यमांवरच्या गटांत आजही ‘प्री-बुकिंग’च्या नावाने पैसे गोळा केले जातात. समोर बूट नसताना एक रुपयाही देऊ नये, हे मी इथे अगदी आग्रहाने सांगतो.

माझा एकूण हिशेब असा झाला. विकल्या गेलेल्या आठ जोडांची मला पडलेली किंमत १,१८,५९० रुपये होती. गिऱ्हाइकांनी त्यांचे १,५१,५०० रुपये दिले. कमिशन, त्यावरचा कर आणि पॅकिंग मिळून २८,४१५ रुपये कापले गेले आणि माझ्या हाती साधारण १,२३,०८५ रुपये आले. म्हणजे नफा ४,४९५ रुपये. यात एकट्या लॉस्ट अँड फाउंडने चौदा हजार आणि जॉर्डन ४ने तीन हजार दिले. उरलेल्या सहाही जोडांत तोटा होता. दुकानाचे निव्वळ कमिशन २२,७२५ रुपये झाले. या आठ जोडांत गुंतलेली माझी रक्कम दहा महिने सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली असती तर सुमारे सात हजार व्याज मिळाले असते, आणि तेही पावसातून खोके न वाहता. नकली निघालेल्या जोडाचे १८,००० धरले तर वर्षाचा ताळेबंद उघडउघड तोट्याचा आहे. करांची बाजू थोडक्यात सांगतो: असा नफा धंद्याचे उत्पन्न म्हणून आयकर विवरणपत्रात दाखवावा लागतो, आणि दुकान प्रत्येक विक्रीचे स्वतंत्र पत्रक देते, त्यामुळे ते काम माझ्यासाठी सोपे झाले.

तरीही मी हा उद्योग सोडलेला नाही आणि दुकानही बदललेले नाही. बूट मला आवडतात. एखाद्या चांगल्या जोडाची शिवण पाहताना जो आनंद होतो तो कारखान्यात एखादा भाग अचूक मापाचा निघाल्यावर होणाऱ्या आनंदासारखाच असतो. शिवाय वीस मिनिटे एका जोडाशी घालवणारा तपासनीस मला अन्यत्र भेटलेला नाही. ज्यांना दरमहा ठरावीक रक्कम हवी आहे, ज्यांनी कर्ज काढून माल घेतला आहे किंवा ज्यांच्याकडे फक्त पांडा आणि सांबाच आहेत, त्यांनी या दुकानाची पायरी चढू नये. ज्यांच्याकडे वर्षाला दोन-तीन खरोखर दुर्मीळ जोड असतात, बिले नीट ठेवलेली असतात आणि पैसे तीन महिने अडकले तरी घर अडत नाही, त्यांना हे दुकान मी सुचवीन.

मे महिन्यात परत आलेले दोन जोड आणायला गेलो तेव्हा सोबत जॉर्डन ४चा एक नवा जोड, बिलासह, यूके ९ चा नेला होता. कराराच्या छापील कागदावर सही करण्यापूर्वी मी दोन वाक्ये हाताने लिहिली: मालकाच्या लेखी संमतीशिवाय किंमत कमी करू नये, आणि विक्रीनंतर पंधरा दिवसांत रक्कम न आल्यास कमिशन निम्मे होईल. मालकांनी पहिले वाक्य लगेच मान्य केले. दुसऱ्यावर बराच वेळ विचार करून त्यांनी ‘पंधरा’ खोडले, ‘एकवीस’ लिहिले आणि शेजारी सही केली. परत आलेला यूके ६ चा पांडा माझ्या पुतणीच्या पायाला नेमका बसला. ती आता तो घालून कॉलेजला जाते.